पॉलिशवालीच्या रक्तात काय सापडलं

दवाखान्यात जायचं म्हणून पॉलिशवालीने हात स्वच्छ केले, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

लाखेचं पॉलिश नखांच्या कडांना बसलं की साबणाला दाद देत नाही. माणूस घासून घासून थकतो, नखं आपली तपकिरीच. त्याला स्पिरिटच लागतं. चिंधी स्पिरिटात बुडवायची आणि एकेक बोट पुसून काढायचं. पॉलिशवाली एरवी हाताचे एवढे लाड करत नसे. तपकिरी बोटांनीच जेवायची, त्याच बोटांनी वेण्या घालून तिने लेकीला लहानाची मोठी केली होती. पण मोठ्या दवाखान्यात डॉक्टर हात हातात घेऊन बघतात, तळवे लाल झालेत का, नखं पांढरी पडलीत का. त्यांच्यापुढे मळके हात कसे धरायचे? म्हणून तिने सकाळी कोपरापर्यंत स्पिरिट चोळलं, वर धुतलेला स्वेटर चढवला आणि लेकीला घेऊन निघाली. हात तर वाटेतच वाळले. स्वेटरच्या बाह्यांनी मात्र वास धरून ठेवला.

दवाखान्याची ही फेरी साधी नव्हती. पॉलिशवालीचं लिव्हर संपत आलं होतं. दुसऱ्या कुणाचं मिळालं तर ती जगणार होती, नाहीतर वर्षभराचं काही खरं नव्हतं. असं लिव्हर मिळायची एक यादी असते. तिच्या रक्तगटाच्या यादीत ती दुसरी होती. फोन कधीही येईल, पिशवी भरून ठेवा, असं यादी सांभाळणाऱ्या बाईने सांगितलं होतं, आणि पिशवी दोन महिने दारामागे भरलेली होती.

लिव्हर कशाने गेलं, तर तेही ऐकण्यासारखं आहे. एकतीस वर्षांपूर्वी लेकीच्या वेळी तिचं फार रक्त गेलं. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. जीव वाचला, लेक वाचली, पण त्या बाटल्यांतून कुणाची तरी कावीळ तिच्या अंगात उतरली. तेव्हा रक्त आजच्यासारखं तपासून देत नसत. ती कावीळ पंचवीस वर्षं गुपचूप बसून आतून कुरतडत राहिली. वाळवी दाराची चौकट खाते ना, तशी. वरून रंग शाबूत, आणि बोट दाबलं की आत भुसा. कळलं तेव्हा कावीळ मारायचं औषध निघालेलं होतं. ते तिने घेतलं, कावीळ गेलीही. पण खाल्लेली चौकट काही परत भरत नाही.

म्हणजे दवाखान्यानेच दिलेल्या रक्ताने ती आजारी पडली होती. हे तिने कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. लेकीचा जीव त्याच बाटल्यांनी राखला, असं ती धरून चालायची.

तर त्या सकाळी तपासणीच्या खोलीत एक तरुण डॉक्टर होता. नवाच असावा, शर्टाच्या खिशात तीन पेनं. खोलीत अजून चार-पाच आजारी माणसं आपापले कागद धरून बसलेली. त्याने तिचा हात धरला, तळवा बघितला, आणि नाक थोडं पुढे केलं. मग सरळ विचारलं, "मावशी, सकाळी सकाळी घेतलीत का?"

पॉलिशवालीला वाटलं, गोळी. हो म्हणाली, रोज सातला घेते. बाजूच्या बाकावरचा माणूस फिसकन हसला. तेव्हा तिच्या लक्षात आलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ती म्हणाली, मी पॉलिशचं काम करते, हाताला स्पिरिट लावलंय, त्याचा वास आहे. डॉक्टरने मान हलवली. मान हलवायची एक तऱ्हा असते, समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखी आणि त्यातला एक शब्दही न मानल्याची. तशी हलवली. मग त्याने एका कागदावर काहीतरी लिहिलं आणि रक्त द्यायला पाठवलं. बाहेर जाताना लेकीला थांबवून हळूच विचारलं, घरी बाटल्या वगैरे सापडतात का?

आता हा प्रश्न त्याने जगातल्या कुठल्याही बाईबद्दल विचारला असता तरी चाललं असतं. पॉलिशवालीबद्दल विचारायला नको होता. तिचं अर्धं आयुष्य बाटली लपवण्यात गेलं होतं.

तिचा नवरा पॉलिशवाला होता. हात असा, की त्याने पॉलिश केलेल्या कपाटात आपला चेहरा बघून भांग पाडावा. तिने काम त्याच्याच हाताखाली उचललं. पण कामाला आणलेलं स्पिरिट तो प्यायचा. ते पिण्याचं नव्हेच, त्यात विष घातलेलं असतं, निळा रंगही घालतात कुणी पिऊ नये म्हणून. पण पिणाऱ्याला निळं काय आणि हिरवं काय. तिने आधी बाटली लपवली, मग कुलूप लावलं, मग बाटलीवर पेन्सिलने रेघा मारल्या. तो रेघेपर्यंत पाणी घालून ठेवायचा, आणि मग पॉलिशवर पांढरे डाग उठायचे. शेवटी तिला एक युक्ती सुचली. स्पिरिट दुकानातून घरी न्यायचंच नाही. लाखेचे पापुद्रे आणि घट्ट रंग पिशवीत घेऊन जायचे आणि दुकानाच्या फळीवर, पैसे देता देताच, सगळं बाटलीत ओतून बूच दाबायचं. घरी येईपर्यंत स्पिरिटाचा चिखल. नवऱ्याने एकदा तेही तोंडाला लावून पाहिलं, आणि दोन दिवस त्याचे ओठ असे चिकटले, की घरात पहिल्यांदा शांतता नांदली.

गंमत अशी, की तिचं पॉलिश त्यामुळेच नावारूपाला आलं. बाकीचे कारागीर सकाळी लाख भिजवून दुपारी लाकडाला लावतात. हिची आठ-आठ दिवस मुरलेली. त्या पॉलिशची झळाळी निराळीच. गिऱ्हाईकं विचारायची, ताई, काय घालता यात? ती म्हणायची, संसार.

नवरा चौदा वर्षांपूर्वी गेला. त्याला याच दवाखान्यात आणलं होतं. फाटकापासून वास येत होता. तेव्हा त्याचं रक्त कुणी दारूसाठी तपासलं नाही. कशाला तपासतील? सगळ्यांना ठाऊकच होतं. आणि जिने आयुष्यात थेंब तोंडाला लावला नाही, तिचं रक्त मात्र काचेच्या नळीत भरून आत गेलं.

तीन दिवसांनी यादीवालीचा फोन आला. पॉलिशवालीने तो पहिल्या घंटेलाच उचलला, पिशवीकडे बघत. फोन लिव्हर आल्याचा नव्हता. तुमच्या रक्तात दारूची खूण वर निघाली आहे, यादीतून नाव कमी केलंय, नियम आहे. सहा महिने न पिता काढा, मग परत अर्ज करा. यादीवाली वाईट बाई नव्हती, आवाज मऊ ठेवून बोलली. मऊ आवाजात सांगितलं म्हणून काय झालं, सहा महिने आणायचे कुठून, हे तिने सांगितलं नाही.

पॉलिशवाली फोन ठेवून कामाच्या खोलीत गेली आणि एका खुर्चीचा पाय घासायला बसली. पॉलिश पेपरने इतका घासला, की दुसऱ्या दिवशी सुतार म्हणाला, ताई, हा पाय बाकीच्या तिघांपेक्षा बारीक झालाय.

सुतार म्हणजे ज्याच्या कारखान्याच्या मागच्या खोलीत ती वीस वर्षं काम करत होती तो. त्याला तिने सगळं सांगितलं. त्याने रंधा खाली ठेवला आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "वीस वर्षं एकटीच पीत बसलीस, ताई, आणि मला एकदाही विचारलं नाहीस." त्या आठवड्यात ती हसली ती तेवढीच. मग तो म्हणाला, मी लिहून देतो, सही करतो, हव्या तितक्या कागदांवर. पण सुताराच्या सहीने लिव्हर मिळत असतं तर काय पाहिजे होतं.

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला. संध्याकाळी येऊन आईशी गोडगोड बोलायची, जरा जास्तच. चहाचा कप आईने खाली ठेवला की लगेच उचलून मोरीत न्यायची, आणि वळताना कप नाकाजवळ नेऊन परत खाली. पॉलिशवालीने ते एकदा बघितलं. वाटलं भास असेल. दुसऱ्या दिवशी हात पुसायच्या साध्या स्पिरिटाची लहान बाटली तिने कपाटातून काढली, तर कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलची बारीक रेघ.

ती रेघ बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेक आली, चपला काढल्या, तेवढ्यात तिने बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, रेघ अजून बोटभर खाली मार, आज टेबलाचे पाय पुसलेत.

लेक तिथेच खाली बसली. मग म्हणाली, "आई, बाबाही नाहीच म्हणायचे."

ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. लेकीचं बालपण बापाचे पेले हुंगण्यात गेलं होतं. पिणारा कधी हो म्हणत नाही, हे तिला अक्षरं कळायच्या आधीपासून कळत होतं. त्यात दवाखान्याचा छापील कागद, वर शिक्का. आईचं तोंड एकीकडे आणि शिक्का एकीकडे. पॉलिशवालीला हे सगळं कळत होतं आणि तरीही क्षणभर वाटलं, की दोन बाटल्या रक्त घेऊन जगवलेली ही पोर उठून शिक्क्याच्या बाजूला जाऊन बसली.

"बाबा नाही म्हणायचे तेव्हा जमिनीकडे बघायचे," ती म्हणाली. "माझ्याकडे बघ."

लेकीने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग चिठ्ठी नखाने खरवडून काढली. पण पॉलिशवालीच्या मनातून ती रेघ काही गेली नाही, आणि तो राग तिने लेकीवर ठेवला नाही. ज्यांनी ती मारायला लावली त्यांच्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच दवाखान्यात गेली. डॉक्टरकडे नाही. तळमजल्यावर जिथे रक्त तपासतात तिथे. खिडकीमागे एक वयस्क बाई नळ्या लावत होती, हातमोज्यात, चष्मा केसांत खोचलेला. पॉलिशवालीने विचारलं, माझ्या रक्तात तुम्ही दारू बघितली का? स्वतःच्या डोळ्यांनी? रक्तवालीला असा प्रश्न कुणी विचारला नसावा. तिने कागद मागितला, चष्मा डोळ्यावर घेतला, वाचला, आणि म्हणाली, "या तपासणीत दारू दिसतच नाही, ताई."

मग काय दिसतं?

रक्तवालीने सांगितलं ते असं. लिव्हर एक प्रोटीन बनवतं. रोज फार पिणाऱ्याच्या अंगात ते जरा अर्धवट निघतं. अर्धवटांची संख्या वाढली, की समजायचं माणूस पितो. धडधाकट लिव्हरवाल्याला हे बऱ्यापैकी लागू पडतं. पण लिव्हरच फार आजारी असलं, तर न पिताही ते अर्धवट निघू शकतं. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलंही आहे, लिव्हरच्या रुग्णात आकडा जपून वाचावा.

पॉलिशवाली फारशी शिकलेली नव्हती, पण कारागीर होती. म्हणाली, "म्हणजे खुर्ची वाकडी निघाली. कारागीर प्यायला असला तरी वाकडी निघते, कारागीर तापाने फणफणला असला तरी वाकडी निघते. आणि तुम्ही खुर्ची बघून सांगता, प्यायला होता."

"मी नाही सांगत," रक्तवाली म्हणाली. "मी नुसता आकडा लिहिते. सांगतात वर."

मग मला लिव्हरचा आजार नसता, तर मी इथे कशाला आले असते, असं पॉलिशवालीने विचारलं. आजारी लिव्हरवाल्यांच्या यादीसाठी ही तपासणी, आणि आजारी लिव्हरवाल्यांतच ती चुकते. हे कुणाच्या डोक्यातून निघालं? रक्तवालीने त्यावर हातमोजे काढले आणि खुर्ची पुढे ओढली. दुसरी एक तपासणी आहे, ती हळू आवाजात म्हणाली. दारू पोटात गेली, तर आणि तरच रक्ताच्या पेशींवर एक पदार्थ तयार होतो. लिव्हर चांगलं असो की वाईट, तो त्यावर फारसा अवलंबून नाही. तीन-चार आठवडे रक्तात राहतो, त्यामुळे चार दिवस न पिऊन लपवताही येत नाही. ती इथे होत नाही, बाहेर पाठवावी लागते. वरची सही लागते.

मग पाठवत का नाहीत?

कुणी मागत नाही, रक्तवाली म्हणाली.

हे तीन शब्द पॉलिशवालीच्या डोक्यात घण घातल्यासारखे बसले. कुणी मागत नाही. माणसाला ठाऊकच नाही की दुसरी तपासणी आहे, तर तो मागेल कशाच्या जोरावर? पिवळे डोळे घेऊन, पोटात पाणी झालेलं घेऊन, ती माणसं मान खाली घालून घरी जातात, आणि घरी कुणीतरी त्यांचे पेले हुंगतं.

सोमवारी ती मोठ्या डॉक्टरांच्या दाराशी जाऊन बसली. सोबत लेक होती, दुकानातून रजा काढून. शिपाई म्हणाला, वेळ घेतलीय का? पॉलिशवाली म्हणाली, वेळच शिल्लक नाही, म्हणून आलेय. दुपारी दीड वाजता आत घेतलं.

मोठ्या डॉक्टरांचं टेबल बघून तिला आधी टेबलाचीच कीव आली. चांगलं जुनं लाकूड, आणि वर गरम कपांची पांढरी कडी उठलेली, एकात एक अडकलेली. डॉक्टर सभ्य होते. बसा म्हणाले. मग समजावू लागले, की नियम सगळ्यांना सारखा आहे, लिव्हर कमी, माणसं जास्त, मिळालेलं लिव्हर दारूत घालवणाऱ्याला देऊन चालत नाही. पॉलिशवालीने सगळं ऐकून घेतलं. त्यातलं काही खोटं नव्हतं. तिच्या नवऱ्याला दिलं असतं तर त्याने वर्षभरात घालवलं असतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

मग ती बोलली. ती ओरडली नाही. लेक सांगते, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"डॉक्टर, माझ्या नवऱ्याने पंचवीस वर्षं स्पिरिट प्यायलं आणि मी पंचवीस वर्षं त्याच्या हातातून बाटली काढली. त्याच्या कागदावर तुम्ही कावीळ लिहिलंत. माझ्या कागदावर दारुडी लिहिलंत. मला ही कावीळ दवाखान्याच्या रक्ताने आली, ते मी कुठे लिहिलं नाही. आता तुमच्याच कागदाच्या तळाशी काय छापलंय ते मला वाचून दाखवा. मला बारीक अक्षर दिसत नाही."

लेक चष्म्याच्या दुकानातली. तिने पर्समधून भिंग काढून टेबलावर ठेवलं.

डॉक्टरांनी भिंग घेतलं नाही. त्यांना तसंही वाचता येत होतं. कागद त्यांनी जवळ ओढला, तळाची ओळ मनातच वाचली, आणि कानापर्यंत लाल झाले. दुसरी तपासणी करू, म्हणाले. पण तुमचं कामच स्पिरिटाचं. महिनाभर काम बंद ठेवा, मग रक्त घेऊ, म्हणजे शंकेला जागा नको.

पॉलिशवाली उठून उभी राहिली. महिनाभर बंद ठेवून दिलं, तर म्हणाल महिनाभर प्यायली नाही, त्याच्या आधीचं काय? आज घ्या, म्हणाली. आत्ता घ्या. काल रात्रीपर्यंतचा सगळा हिशेब त्यात येऊ दे. वासाने माणूस दारुडा होत असेल, तर तेही कळू दे. डॉक्टर म्हणाले, वासाने होतं ते इतकं थोडं, की मोजणीच्या रेघेखाली राहतं. मग झालं तर, ती म्हणाली, करा सही.

खाली रक्तवालीने तिची बाही वर केली, दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली आणि सवयीने कापसाचा ओला बोळा उचलला. पॉलिशवालीच्या नाकाला तो वास चाळीस वर्षांच्या ओळखीचा. तिने हात मागे घेतला.

"त्याने पुसू नका. उद्या म्हणतील, हातावरचं आत गेलं."

रक्तवाली म्हणाली, यात तसं काही होत नाही. पण म्हणता म्हणता थांबली, बोळा टाकून दिला, साबणाच्या पाण्याने दंड धुतला, कोरडा केला, आणि मग सुई टोचली. नळीच्या चिठ्ठीवर तिने आपणहून लिहिलं, की स्पिरिट न लावता घेतलं, आणि खाली सही केली. त्या सगळ्या इमारतीत न मागता कुणी सही केली ती एवढीच.

निकाल यायला अकरा दिवस लागले. पॉलिशवालीने कामाला सुट्टी दिली नाही. एका वकिलाच्या कपाटाला तिने त्या दिवसांत नऊ हात दिले, एकावर एक. अंगात जोर नव्हता. दोन हात झाले की स्टुलावर बसायची, पाय सुजलेले. सुतार म्हणायचा, राहू दे, मी देतो उरलेले. ती म्हणायची, तू दे आणि मग गिऱ्हाइकाला तोंड कोण दाखवणार?

नवव्या दिवशी लेकीला दवाखान्यात कुणाकडून तरी कळलं, की लिव्हर आलं होतं. आईच्याच रक्तगटाचं. यादीत पहिला होता त्याला लागलं. म्हणजे आईचं नाव असतं, तरी ते तिला मिळालं नसतंच, पण आज ती पहिली झाली असती. लेकीने हे दोन दिवस पोटात ठेवलं, मग सांगून टाकलं. पॉलिशवाली म्हणाली, ज्याला लागलं त्याला लाभू दे. आणि बोळा पुन्हा पॉलिशमध्ये बुडवला.

अकराव्या दिवशी कागद आला. त्या पदार्थाचा मागमूस नव्हता. डॉक्टर म्हणाले होते तसं, वाफेचाही काही दिसला नाही. तरुण डॉक्टरने कागद हातात दिला आणि म्हणाला, अभिनंदन मावशी. पॉलिशवालीने विचारलं, कशाबद्दल? न प्यायल्याबद्दल? पहिला कागद फाइलमध्ये तसाच होता, त्यावरचं दारूविषयीचं वाक्य तिने लेकीकडून शोधून घेतलं आणि त्याला तिथे रेघ मारायला लावली, वर तारीख घालायला लावली. तीन पेनांपैकी पहिलं उठलं नाही. दुसऱ्याने मारली.

मग दोघी यादीवालीकडे गेल्या. तिने आनंदाने नाव परत घातलं आणि संगणकाचा पडदा बघून सांगितलं, तुमचा नंबर सहावा.

सहावा कसा? लेकीने विचारलं. यादीवाली म्हणाली, नाव नव्याने घातलं की आजची तारीख पडते, यंत्राला जुनी घेता येत नाही. लेकीचा चेहरा पडला. पॉलिशवालीने पुढची खुर्ची ओढली आणि बसली. यंत्राला जमत नसेल तर माणसाला बोलवा, म्हणाली. मी बसलेय. यादीवालीने दोनदा फोन फिरवला, तिसऱ्यांदा स्वतः वर गेली. अर्ध्या तासाने मोठे डॉक्टर खाली आले. उभ्याउभ्याच एक कागद लिहिला, की चूक आमची आहे, जुनीच तारीख धरावी. यादीवालीने तो कुठेतरी पाठवला, कुणाशी तरी बोलली, आणि मग पडदा त्यांच्याकडे वळवला. पॉलिशवालीचं नाव पहिलं होतं.

लेक रडायला लागली. पॉलिशवाली मात्र खुर्चीतून उठेना. डॉक्टरांना वाटलं, चक्कर आली. पाणी आणायला सांगितलं.

"पाणी नको," ती म्हणाली. "या आकड्याने अजून किती जणांची नावं कापलीत?"

नावं सांगता येत नाहीत, यादीवाली म्हणाली. नावं मला नकोत, पॉलिशवाली म्हणाली, आकडा सांगा, तुम्हाला आकडे आवडतात. यादीवालीने डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी मान हलवली, त्या तरुण डॉक्टरसारखी नव्हे, खरी. तिने खाली-वर करून मोजलं. दोन वर्षांत सात. त्यातले दोघे आता नाहीत.

पॉलिशवालीने स्वेटरच्या बाहीने तोंड पुसलं. त्या सातांत पिणारे असतीलही, ती म्हणाली. असतील तर दुसऱ्या तपासणीत निघतील, मग कापा, मी काही म्हणणार नाही. पण दोघांच्या घरी कुणीतरी अजून मानून चाललंय, की आपला माणूस चोरून पीत होता आणि म्हणून मेला. त्यांचं मी काय करू, ते मला कळत नाही. पाच जण आहेत ना? त्यांना फोन लावा. सांगा, की दुसरी तपासणी आहे, आणि आम्ही ती करतो.

मोठे डॉक्टर म्हणाले, उद्या करू, यादी तयार करून रीतसर करू. पॉलिशवाली म्हणाली, नावं कापताना रीत एका फोनची होती.

डॉक्टरांनी कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा मागवला, यादीवालीच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि पाच फॉर्मवर सह्या केल्या. यादीवालीने फोन जवळ ओढला. पहिला नंबर लागला, एक बाई बोलली, तिला सगळं दोनदा सांगावं लागलं, आणि मग ती पलीकडे नुसती हो, हो म्हणत राहिली. दुसऱ्याने आधी शिव्या दिल्या. यादीवालीने त्या ऐकून घेतल्या आणि मग सांगितलं. तिसऱ्याची घंटा वाजत राहिली, वाजत राहिली, आणि बंद पडली. कुणी उचललं नाही. यादीवालीने त्या नंबरापुढे टिंब मारलं आणि चौथ्याकडे वळली.

"परत लावा," पॉलिशवाली म्हणाली.